बायपोलरचा धोका असलेलं मूल: निदान होण्याआधी घरच्यांनी काय करायचं?

प्रश्न: माझ्या नवऱ्याला बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे मूड टोकाला चढण्या-उतरण्याचा आजार आहे. मूड स्थिर ठेवणारं लिथियम हे औषध चालू आहे, तब्येत स्थिर आहे. मुलगा १४ वर्षांचा. गेल्या आठ महिन्यांत तीनदा असं झालं की दोन-तीन दिवस तो रात्री चार-पाच तासच झोपला, तरी उत्साहात होता, सारखा बोलत होता, नवेनवे बेत आखत होता. त्यानंतर आठवडा-दोन आठवडे गप्प, चिडचिडा, कशातच लक्ष नाही. एक डॉक्टर म्हणाले, हे वयच असं असतं. दुसरे म्हणाले, आत्ताच गोळ्या सुरू करू. हा आजार सुरू होतोय का? औषध द्यायचं का? घरी आम्ही काय करू शकतो? आणि वडिलांच्या आजाराबद्दल त्याला काय सांगायचं?

उत्तर:

आधी शक्यतेचा आकडा, कारण घरोघरी तो एक तर फुगवलेला असतो किंवा झाकून ठेवलेला. सर्वसाधारण लोकसंख्येत बायपोलरचं प्रमाण शंभरात एक-दोन. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा आजार असेल तर मुलाच्या बाबतीत ते शंभरात पाच ते दहाच्या आसपास जातं. म्हणजे अशा शंभरातल्या नव्वद किंवा त्याहून अधिक मुलांना तो होत नाही. या मुलांमध्ये बायपोलरपेक्षा नैराश्य, चिंता आणि एकाग्रतेच्या तक्रारी जास्त आढळतात, आणि त्यांच्याकडे आईवडिलांचं लक्ष कमी जातं, कारण सगळ्यांची नजर ‘तो’ आजार दिसतोय का याच्यावरच खिळलेली असते.

पण हा आकडा फक्त आनुवंशिकतेचा आहे, लक्षणं नसलेली मुलंही त्यात आली. तुमच्या मुलात लक्षणं दिसू लागली आहेत, त्यामुळे तुमच्यासाठी तो आकडा अपुरा आहे. अमेरिकेतल्या एका पाठपुराव्यात अशी अर्धवट लक्षणं असलेली, उपचारासाठी आलेली १४० मुलं होती. सुमारे पाच वर्षांत त्यांतल्या ४५ टक्के मुलांचं निदान पुढे बायपोलर १ किंवा २, म्हणजे या आजाराचे पूर्ण स्वरूपातले दोन प्रकार, असं झालं, आणि जवळच्या नात्यात हा आजार असलेल्यांत हे प्रमाण त्याहून जास्त निघालं. ही मुलं दवाखान्यापर्यंत पोचण्याइतकी त्रासात होती, तेव्हा हा आकडा प्रत्येक घराला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही ‘वयच असं असतं’ एवढ्यावर विषय सोडून देऊ नये, इतकं त्यातून नक्की कळतं.

आता तुमच्या वर्णनाबद्दल. निदानाच्या निकषांत सौम्य उन्माद म्हणजे हायपोमेनिया म्हणायला सलग किमान चार दिवस लागतात, आणि पूर्ण उन्मादाला सात दिवस किंवा भरती करावं लागेल इतकी तीव्रता. दोन-तीन दिवसांची चढती अवस्था याच्या अलीकडची. मात्र तीव्रतेइतकीच तिची जातही बघावी लागते. तीन गोष्टी तपासा.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: झोप येत नव्हती, की झोपेची गरजच वाटत नव्हती? दोन्ही फार वेगळ्या गोष्टी आहेत. रात्री दोनपर्यंत मोबाइलवर जागलेला मुलगा दुसऱ्या दिवशी पेंगतो, दुपारी झोपतो, चिडतो. चार तास झोपून सकाळी ताजातवाना उठणारा आणि रात्रीपर्यंत न थकणारा मुलगा वेगळा. दुसरी: हा बदल त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या स्वभावाच्या तुलनेत आहे का? मुळात बडबड्या मुलाचं बडबडणं हे लक्षण होत नाही. एरवी मोजकं बोलणाऱ्याला एक वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं सुरू करायची घाई असणं, हे होतं. तिसरी: सगळं एकत्र आलं का? कमी झोप, भराभर बोलणं, विचारांची धावपळ, स्वतःबद्दल अवाजवी खात्री, आवाक्याबाहेरचे बेत, बेधडकपणा, हे सुटंसुटं कुणातही दिसतं. त्याच दोन-तीन दिवसांत सगळं एकदम येतं आणि एकदम जातं, तेव्हा त्याला वजन असतं. निव्वळ चिडचिड हा या वयात फार कच्चा पुरावा आहे.

डॉक्टरांकडे जाताना या तीन वेळांचं वर्णन तारखांसह लिहून न्या: किती वाजता झोपला, उठला, काय बोलला, काय केलं, आधीच्या आठवड्यात काय घडलं होतं. थायरॉइडची तपासणी, नशेच्या पदार्थांबद्दल मुलाशी एकट्याशी मोकळी चौकशी, आणि चालू असलेल्या प्रत्येक औषधाची यादी हे व्हायला हवं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही मूड चढू शकतो. आणि मुलाला कोणतंही औषध लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ‘वडिलांना बायपोलर आहे’ हे पहिल्या दोन मिनिटांत सांगा. अशा मुलाला नैराश्यासाठी साध्या अँटिडिप्रेसंट गोळ्या सुरू झाल्या तर पहिले काही आठवडे बारीक लक्ष लागतं. अस्वस्थता वाढली, झोप उडाली, अचानक जोर चढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गोळी मनाने बंद मात्र करू नका.

औषधाचा निर्णय त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या बाल व किशोर मानसोपचारतज्ज्ञांचा. आजार होऊ नये म्हणून आधीच दिल्यावर तो टळतो, असं सिद्ध झालेलं औषध आज नाही. म्हणून फक्त ‘घराण्यात आहे’ या कारणासाठी गोळ्या सुरू करायला माझा विरोध आहे. नैराश्य गंभीर असेल, शाळा सुटत चालली असेल, जीव द्यायचा विचार येत असेल, किंवा चढती अवस्था आठवडाभर टिकली, तर गणित बदलतं आणि औषध पुढे येतं. पूर्ण उन्मादात असलेल्या मुलाला घरच्यांनी बोलून शांत करायला बघणं म्हणजे वेळ दवडणं.

तुम्ही आज आहात त्या टप्प्यासाठी ज्या पद्धतीचा अभ्यास नीट झाला आहे ती कुटुंबकेंद्री उपचारपद्धती. डेव्हिड मिक्लोविट्झ आणि मायकेल गोल्डस्टीन या मानसशास्त्रज्ञांनी ती आधी प्रौढ रुग्णांसाठी बसवली. तिथे नऊ महिन्यांत २१ सत्रं असतात. धोक्यातल्या मुलांसाठी तिचं आटोपशीर रूप केलं: चार महिन्यांत १२ सत्रं, पहिली आठ दर आठवड्याला, पुढची चार पंधरा दिवसांनी. साधारण पहिली चार आजार समजून घेण्याची, मधली चार बोलण्या-ऐकण्याच्या सरावाची, शेवटची चार अडचण सोडवण्याच्या पायऱ्यांची. सत्रात मूल, आईवडील, आणि जमलं तर भावंडंही बसतात.

तिच्याकडून अपेक्षा किती ठेवायची तेही स्पष्ट असू द्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या तीन केंद्रांच्या चाचणीत ९ ते १७ वयाची १२७ मुलं होती. सगळ्यांच्या जवळच्या नात्यात बायपोलर आणि स्वतःमध्ये नैराश्याची किंवा अर्धवट उन्मादाची लक्षणं. निम्म्यांना ही १२ सत्रं, बाकीच्यांना माहिती देणारी सहा सत्रं. चालू लक्षणांतून बाहेर यायला दोन्ही गटांना सारखाच वेळ लागला. फरक पुढे पडला: बरं झाल्यावर पुढचा झटका येईपर्यंतचा मध्यक काळ (ज्याच्या आत निम्म्या मुलांना झटका आला) १२ सत्रांच्या गटात ८१ आठवडे होता, दुसऱ्यात ६३. फायदा मुख्यतः नैराश्याच्या झटक्यांबाबत दिसला. उन्माद किंवा सौम्य उन्मादाकडे वळणाऱ्यांच्या संख्येत फरक आढळला नाही. तेव्हा ‘हे केलं की बायपोलर टळेल’ असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण १४ ते १७ या वयात चार-पाच महिने जास्त बरे जाणं म्हणजे शाळेत एक अख्खी सहामाही टिकणं, मित्र टिकणं. त्यासाठी १२ तास देणं मला रास्त वाटतं.

हे चालतं कशामुळे? ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांनी लंडनमध्ये १९५०-६०च्या दशकांत एक गोष्ट टिपली होती: दवाखान्यातून घरी गेलेले रुग्ण पुन्हा आजारी पडतात की नाही, याचा घरातल्या भावनिक तापमानाशी संबंध आहे. सतत टीका, वैरभाव, आणि तिसरी गोष्ट म्हणजे जिवाचं रान करून केलेली अति काळजी. आधी स्किझोफ्रेनियात दिसलेलं हे पुढे बायपोलरमध्येही दिसलं. याचा अर्थ घरच्यांनी आजार निर्माण केला असा अजिबात नाही. आजाराने घर तापतं आणि तापलेल्या घरात आजार लवकर उलटतो. चक्र दोन्ही बाजूंनी फिरतं. त्यातली एक बाजू तुमच्या हातात आहे.

घराचं तापमान स्वतःपुरतं मोजायची एक सोपी रीत आहे, संशोधनातही तिचा वापर होतो. मुलाबद्दल, तो कसा आहे आणि तुमचं त्याच्याशी कसं चाललंय, याबद्दल पाच मिनिटं न थांबता बोला आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. तुम्ही वेगळं, त्याचे वडील वेगळं. दुसऱ्या दिवशी स्वतःचंच ऐका. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘आळशी’, ‘मुद्दाम’ किती वेळा आलं? त्याच्या एखाद्या आवडीचा, गुणाचा उल्लेख पहिल्यांदा कितव्या मिनिटाला आला? ‘त्याच्याशिवाय मला दुसरं आयुष्यच नाही’ अशा अर्थाचं काही निघालं का? हे रेकॉर्डिंग कुणाला ऐकवायचं नाही, मुलाला तर नाहीच. चार महिन्यांनी पुन्हा करा.

याच संदर्भात एक वाक्य घरातून आजच हद्दपार करा: ‘बापावर गेलाय.’ हे सहसा रागात निघतं, कधी आजी-आजोबांच्या तोंडून, कधी काळजीपोटी. पण त्यात एका दगडात दोघे जखमी होतात. मुलाला वाटतं की आपलं ठरून गेलंय. वडिलांना वाटतं की आपणच हे दिलं. आणि मग मुलगा पुढच्या वेळी झोप उडाली तरी सांगत नाही.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात वहीपासून. रोज संध्याकाळी एकदाच, दोन मिनिटांत चार गोष्टी: आदल्या रात्री किती वाजता झोपला, सकाळी किती वाजता उठला, दिवसाचा मूड उणे तीन ते अधिक तीन या पट्टीवर, आणि दिवसात विशेष काय घडलं त्याची एक ओळ. शून्य म्हणजे त्याचा नेहमीचा दिवस. वही त्याची आणि भरायचीही त्यानेच. तुम्ही हवं तर तुमची वेगळी नोंद ठेवा. आकडे जुळले नाहीत तर वाद घालू नका. तो अधिक एक म्हणतोय आणि तुम्हाला अधिक तीन दिसतंय, ही तफावतच डॉक्टरांना उपयोगी पडते. नोंद बहुतेक घरांत एकाच कारणाने फसते: आईवडील दिवसातून पाचदा विचारू लागतात, ‘आत्ता कसं वाटतंय?’ मूल मग शून्य-शून्य लिहून मोकळं होतं. मोठमोठे चढउतार नसले तरी दोन-तीन आठवड्यांत झोपेचा नकाशा तयार होतो, आणि खरं काम त्यावरच उभं राहतं.

झोपेवर जास्त वेळ देतोय, कारण घरच्यांच्या हातातला हा सगळ्यात भरवशाचा दोर आहे. कमी झोप हे चढत्या अवस्थेचं लक्षण आहेच, पण ज्याला धोका आहे त्याच्यात ती अवस्था सुरू करणारी ठिणगीही ठरू शकते. १३ ते १८ वयाला रोज आठ ते दहा तास झोप लागते. चूक अशी होते की सगळे ‘लवकर झोप’ म्हणून मागे लागतात. झोप हुकमाने येत नाही. उठणं मात्र ठरवता येतं. म्हणून आधी उठायची वेळ पक्की करा, सुट्टीच्या दिवशी फार तर एक तास इकडेतिकडे. उठल्यावर अर्ध्या तासात उजेडात जाऊ द्या. मग झोपायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा. एकदम दीड तास अलीकडे आणली तर तो अंथरुणात तळमळेल आणि तिसऱ्या दिवशी सगळं सोडून देईल. दुपारची झोप घेतलीच तर अर्ध्या तासाच्या आत. संध्याकाळनंतर चहा, कॉफी, एनर्जी ड्रिंक नको. मोबाइल रात्री झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला, आणि हा नियम घरातल्या सगळ्यांचा. फक्त त्याच्यासाठी केलेला नियम शिक्षा वाटतो आणि चार दिवसांत मोडतो.

उतरत्या आठवड्यांत उलटी अडचण येते: तो दिवसभर लोळतो. तेव्हाही उठायची वेळ तीच ठेवा, पण उठल्यावरच्या अपेक्षा कमी करा. आंघोळ, नाष्टा, दहा मिनिटं बाहेर चक्कर, इतकं झालं तरी तो दिवस जमेला धरा. परीक्षा, रात्रीचा प्रवास, घरातला समारंभ हे ठरलेले धोक्याचे दिवस. त्यांची तयारी आधीच्या आठवड्यात होते: रात्र जागून अभ्यास करायचा नाही हे परीक्षेच्या महिनाभर आधी ठरवा, आणि एक रात्र हुकली तर पुढच्या दोन रात्री दुसरा कोणताही कार्यक्रम ठेवू नका.

बोलण्याच्या सरावाबद्दल लोकांना वाटतं, ‘आम्ही बोलतोच की घरात.’ इथे कौशल्यं चार आहेत आणि ती याच क्रमाने घ्यायची, कारण शेवटचं सगळ्यात अवघड आहे.

आधी चांगलं ते नेमकेपणाने सांगणं. ‘शहाणा आहेस’ याला अर्थ नाही. ‘काल बहिणीला गणित समजावून दिलंस, मला फार बरं वाटलं’ यात काय केलं आणि मला काय वाटलं, दोन्ही आहे. रोज एक, त्याच दिवशी. दुसरं, ऐकणं: त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि ‘असंच ना?’ एवढंच विचारायचं. सल्ला तेव्हाच द्यायचा जेव्हा तो मागेल. आईवडिलांना हेही जड जातं, कारण गप्प राहणं म्हणजे काहीच न करणं असं वाटतं. तिसरं, बदलाची मागणी: एका वेळी एकच गोष्ट, दिसेल अशी. ‘जबाबदारीने वाग’ ही मागणी नव्हे. ‘शाळेतून आल्यावर डबा धुवायला ठेवलास तर माझं एक काम हलकं होईल’ ही मागणी. चौथं, नाराजी व्यक्त करणं: काय घडलं, मला काय वाटलं, पुढच्या वेळी काय चालेल. ‘तू काल न सांगता दहापर्यंत बाहेर राहिलास, मी घाबरले, उशीर होणार असेल तर एक फोन कर.’ इथे थांबायचं. मागच्या महिन्याची उदाहरणं जोडली की नाराजीचा खटला होतो.

सराव शांत वेळी आणि बिनमहत्त्वाच्या विषयावर सुरू करा. भांडण पेटलेलं असताना नवं कौशल्य कुणालाच वापरता येत नाही. त्या वेळेसाठी एकच नियम पुरतो: तीन फेऱ्या. तू बोललास, मी बोलले, ही एक फेरी. आवाज चढलेला असताना तीन फेऱ्या झाल्या की दोघांपैकी कुणीही ‘थांबू या’ म्हणायचं आणि किमान अर्धा तास वेगळ्या खोलीत जायचं. परत कधी बोलायचं ते जाण्याआधी सांगायचं, नाहीतर ‘थांबू या’चा अर्थ ‘तोंड बंद कर’ असा होतो. नियम आईवडिलांनाही लागू आहे. किंबहुना पहिले काही आठवडे तो तुम्हीच जास्त वापरावा.

अडचण सोडवण्याच्या पायऱ्या तशा साध्या आहेत: अडचण एका वाक्यात लिहा, प्रत्येकाने उपाय सुचवायचे, कितीही वेडगळ असले तरी लिहून घ्यायचे, मग फायदे-तोटे, एक निवडा, कोण, काय, कधीपासून ते ठरवा, आठवड्याने तपासा. घसरतं ते पहिल्याच पायरीवर. ‘तो बेफिकीर आहे’ ही अडचण नाही, तो शेरा आहे. ‘आठवड्यात तीनदा पहिला तास बुडतो’ ही अडचण. आणि पहिली निवडताना मुद्दाम लहान निवडा. घरातला सगळ्यात जुना कलह पहिल्याच बैठकीत काढला तर दुसरी बैठक होत नाही.

आता पुढच्या झटक्याची आखणी. ती तब्येत चांगली असताना, त्याच्यासोबत बसून, एका कागदावर करायची. चढत्या बाजूची त्याची स्वतःची पहिली चिन्हं कोणती, हे त्याच्याच शब्दांत: ‘मध्यरात्री मित्रांना लांबलचक मेसेज’, ‘एकदम चार नवे छंद’, ‘सगळे हळू बोलतात असं वाटतं’. उतरत्या बाजूचीही. मग रेषा ठरवा. तुमच्या बाबतीत मी अशी आखेन: सलग दोन रात्री नेहमीपेक्षा दोन तास कमी झोप आणि तरी थकवा नाही, तर तिसऱ्या दिवशी कार्यक्रम कमी, रात्री दिवे लवकर मंद, आणि डॉक्टरांना फोन. चार दिवस झाले तर फोनवर न थांबता प्रत्यक्ष भेट. उतरती अवस्था दोन आठवड्यांपलीकडे गेली, तरी भेट. कोण फोन करणार, नंबर कुठे आहे, शाळेत कुणाला कळवायचं, तेही लिहा. आणि त्याला सगळ्यात नको असलेली गोष्ट कोणती तेही: ‘आत्याला सांगायचं नाही’, ‘मित्रांसमोर विचारायचं नाही’. ती पाळली, तर बाकीचा कागद तो पाळेल.

एक काम मात्र आजच करा. घरात लिथियम आहे. लिथियमची परिणामकारक मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं असतं, जास्त गोळ्या घेतल्या तर जिवावर बेततं. वडिलांच्या गोळ्या कुलपात ठेवा, आठवड्यापुरत्याच बाहेर काढा. बाकीच्या गोळ्या, कीटकनाशकंही कुलपात. उतरत्या आठवड्यांत मुलाला सरळ विचारा: ‘जगू नये असं वाटतं का? स्वतःला काही करावं असा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा तातडीच्या विभागात न्या.

हे सगळं शिकवणारा प्रशिक्षित माणूस शोधताना पाटीवरच्या पदव्यांपेक्षा हे विचारा: तुम्ही कुटुंबाला एकत्र बसवता का? साधारण किती सत्रं, असं आधी सांगता का? सत्रात सराव करून घेता की फक्त बोलता? घरी करायचं काम देता का? मानसोपचारतज्ज्ञांशी संपर्क ठेवाल का? ‘मुलाला आत पाठवा, तुम्ही बाहेर थांबा’ एवढंच चालत असेल तर त्याचा उपयोग वेगळ्या कारणासाठी असेल, या कामासाठी नाही. पद्धतीचं नाव घेणारं कुणी न मिळालं तरी या पाच प्रश्नांना नीट उत्तरं देणारा अनुभवी समुपदेशक चालेल.

सत्रं कुठे फसतात तेही सांगतो. आई एकटीच मुलाला घेऊन येते आणि वडील ‘तुम्ही जा’ म्हणतात. मग घरी जाऊन नियम समजावणं हे आईचं आणखी एक काम होतं. दुसरं, पहिल्या सत्रात आठवड्याभराच्या तक्रारींची यादी वाचली जाते आणि मूल तिसऱ्या सत्राला यायला नकार देतं. तक्रारी आधी फोनवर किंवा लिहून कळवा. तिसरं, पाच-सहा सत्रांत बरं वाटायला लागतं आणि येणं थांबतं. तोवर फक्त माहिती झालेली असते, हात बसलेला नसतो. भावंडाचाही विचार करा: घरातलं सगळं लक्ष एकाकडे गेलं की दुसरं मूल एक तर अतिशहाणं होतं किंवा मुद्दाम बिघडतं. आठवड्यातून एक तास फक्त त्याच्यासाठी ठेवा.

तुमच्या नवऱ्याचा उपचार हाही मुलाच्या उपचाराचाच भाग आहे. वेळेवर गोळी, लिथियमची रक्तातली पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या ठरलेल्या तपासण्या, आणि स्वतःच्या झोपेचं वेळापत्रक. मुलासोबत त्यांनीही तीच चार रकान्यांची वही भरली तर फार चांगलं. मग मुलगा घरातला एकटा रुग्ण उरत नाही. तुमच्या स्वतःच्या झोपेचा आणि मनःस्थितीचा विषयही डॉक्टरांपाशी काढा. अशा घरात दोन आघाड्या सांभाळणारी व्यक्ती बहुतेक वेळा सगळ्यात उशिरा मदत मागते.

शाळेत एकाच विश्वासू शिक्षकांना सांगा, आणि तेही आजाराचं नाव न घेता: ‘मूड आणि झोपेचे चढउतार आहेत, उपचार चालू आहेत. खूप बोलका किंवा एकदम गप्प झाला तर त्याला वर्गात टोकू नका, मला कळवा.’ हे बोलण्याआधी मुलाची परवानगी घ्या.

शेवटचा प्रश्न: वडिलांच्या आजाराबद्दल त्याला काय सांगायचं? १४ वर्षांच्या मुलाने बरंच काही आधीच हेरलेलं असतं आणि राहिलेलं इंटरनेटवर वाचलेलं असतं. सांगायचं ते वडिलांनी स्वतः सांगावं, तुम्ही शेजारी बसा. अर्धा तास पुष्कळ झाला, एकाच बैठकीत सगळं नको. आजाराचं नाव घ्यावं. झटक्याच्या काळात काय झालं होतं ते दोन-तीन वाक्यांत सांगावं, माफी मागण्यासारखं काही असेल तर मागावी, आणि आता स्थिर राहायला आपण रोज काय करतो ते दाखवावं. ‘तुझ्यामुळे नाही झालं’ हे न विचारताही सांगायचं, कारण लहानपणी झालेल्या भांडणांचा दोष मुलं गुपचूप स्वतःकडे घेतात.

मग तो विचारेल, त्या दिवशी किंवा महिन्याभराने: ‘मलाही होईल का?’ ‘छे, काहीतरीच काय’ म्हणू नका. खोटं आहे हे त्याला कळतं आणि पुढचा प्रश्न तो तुम्हाला विचारत नाही. वडिलांनी असं म्हणावं: ‘नक्की कुणालाच माहीत नाही. इतरांपेक्षा तुला शक्यता जास्त आहे, पण होईलच असं नाही. मला झालं तेव्हा घरात कुणाला काही कळत नव्हतं. तुझ्या वेळी आम्हाला कळतंय. झोप उडाली किंवा सगळं नकोसं वाटलं, तर रात्री कितीही वाजले असले तरी मला उठव.’ आणि खरोखरच एखाद्या रात्री त्याने उठवलं, तर पहिली दहा मिनिटं फक्त ऐकायची. वही, डॉक्टर, कागद हे सकाळी.